तात्या परबांचे दोरे

ते दोरे मी कापले. तात्या परबांनी बांधलेले एकोणतीस दोरे, माझ्या वडिलांच्या कात्रीने, एका शनिवारी सकाळी, हातातला चहा निवायच्या आत. कापले ती चूक होती, आणि तशी चूक कुणाच्याही हातून होऊ शकली असती. त्यानंतर मी जे केलं त्याला मात्र चूक म्हणता येत नाही. मी खोटं बोललो. खरं म्हणजे बोललोही नाही, नुसती मान हलवली. समोरच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तेवढ्यावर भागलं.

तात्यांना जाऊन आता चार महिने झाले.

लालबागला आमच्या चाळीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत वायरमन. त्यांची सगळी नोकरी साचेखात्यात गेली. शेकडो माग एकाच वेळी खडखडायचे ते खातं. तिथून बाहेर पडले तेव्हा कान कामातून गेले होते. गिरणी बंद पडली, कान काही परत आले नाहीत. त्यामुळे तात्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. बोलताना कुणी तोंडावर हात नेला की म्हणायचे, "हात काढ रे, माका दिसत नाय." स्वतः बोलायचे ते मात्र साचे अजून चालू असल्यासारखे. तात्यांच्या कानात काही सांगायची चाळीत कुणाची छाती नव्हती, कारण त्याचं उत्तर थेट रस्त्यावर ऐकू जायचं.

बायकोशी, म्हणजे आमच्या काकींशी, त्यांचं निम्मं बोलणं हातांनीच चालायचं, गिरणीत चालायचं तसं. खालच्या चौकात उभं राहून तात्या मूठ दोनदा हलवायचे, वरून काकी चहाचं आधण ठेवायच्या. काकींनी गॅलरीतून नाकाला चिमटा लावला की बांगडे आलेत असं समजायचं. एकदा दोघांचं भांडण झालं तेव्हा आम्ही मुलं कठड्याला लागून ते बघत उभे होतो. शब्द एकही नाही, आणि तरी कोण हरलं ते सगळ्या चाळीला कळलं.

माझ्या वडिलांचं तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान होतं. तात्या तिथे खाकी पॅन्ट घेऊन यायचे आणि जास्तीचे खिसे लावून घ्यायचे. एक टेस्टरला, एक पकडीला, एक विड्यांना. वडील म्हणायचे, परब, ही पॅन्ट नाही, हे कपाट झालं. तात्या त्यांच्या ओठांवरून ते वाचायचे आणि तोंडभर हसायचे.

गिरणी सुटल्यावर आसपासच्या चाळींची वायरिंग तेच बघत. आमच्या मीटरच्या खोलीत एकदा आग लागता लागता राहिली. आतल्या वायरी वर्षानुवर्षांच्या धुराने, तेलाने, धुळीने इतक्या काळ्या झाल्या होत्या की कुठली कुणाची ते कळेना. सगळं उपटून नवं टाकावं असं कमिटीचं मत पडलं. तात्यांनी चार दिवस मागून घेतले. मेन स्विच पाडून ते खोलीच्या दारात स्टुलावर बसले आणि ओल्या फडक्याने एकेक वायर पुसत गेले. वीतभर पुसायची, थांबून बघायची, मग पुढची वीत. चौथ्या दिवशी त्यांनी वायरीला हात लावून सांगितलं, ही बावीस नंबरची, ही कदमांची, ही जिन्यातल्या दिव्याची. मी तेव्हा जिन्यात उभा होतो. कसं ओळखलं हे विचारायचं मला सुचलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वायर मळता रे, मरत नाय. लोक मळलला बघतत आणि कापून टाकतत."

या माणसाला एकाच गोष्टीची भीती होती. त्यांचे थोरले भाऊ उतारवयात सगळं विसरत गेले. आधी चाव्या, मग नावं, मग घर. एका दुपारी ते कुठे सापडेनात. तात्या नेमके बंद गिरणीच्या फाटकापाशी गेले. भाऊ तिथे पाळीची वाट बघत डबा घेऊन बसलेले. डबा रिकामा होता. ही गोष्ट तात्यांनी मला सांगितली तेव्हा एरवी रस्त्यावर जाणारा त्यांचा आवाज खाली आला होता. म्हणाले, "माका तसा जावचा नाय." म्हणून ते रोज सकाळी काकींना तारीख सांगायचे आणि चाळीतल्या खोल्यांचे मीटर नंबर मनाशी म्हणायचे. चुकलं नाही की दिवस चांगला.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं, म्हणून हे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी गिरगावातलं एक जुनं हॉटेल बंद झालं. कॉलेजात असताना आम्ही चार मित्र तिथे पिनबॉल खेळायला जायचो. काचेखाली उतरतं टेबल, बटण दाबलं की दोन पाती उडतात आणि पोलादी गोळी वर फेकली जाते. दिवे लागतात, घंटा वाजते. मालकाने ते मशीन कोपऱ्यात टाकून दिलं होतं. मी मागितलं, त्याने दिलं. मी आता प्रभादेवीला राहतो आणि दादरला विमा कचेरीत नोकरी करतो, पण वडिलांचं दुकान अजून आमच्याकडे आहे. मशीन तिथे आणून ठेवलं आणि तात्यांना बोलावलं.

तात्यांनी ते टेबल मोटारीचं बॉनेट उचलावं तसं उचललं. खाली वायरींचं जंजाळ होतं, मनगटाएवढ्या जाड जुड्या, आणि सगळ्यांचा रंग एकच, तव्याच्या बुडासारखा. तळणाचा धूर, सिगारेटी, कॉइलची काळी भुकटी, सगळं थरावर थर बसलेलं. मी हताश झालो. तात्या मात्र सणाला घरी पाहुणे आल्यासारखे खुलले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, चाळीत आता सगळ्यांना मोबाइलवरून माणूस मागवता येत होता, त्यांना हाक कोण मारणार? त्यांनी स्टूल ओढलं, वडिलांच्या कपाटातला मलमलीचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एका वायरीवरून वीतभर फिरवला. काळ्यातून निळा रंग वर आला. त्यावर पांढरी रेघ. "बघ," म्हणाले, "आतमधे जिती आसा."

महिनाभर ते रोज येत होते. मी सुट्टीच्या दिवशी बाजूला बसायचो. मला भराभर व्हायला हवं होतं, कारण जुन्या मित्रांना मी बोलावून बसलो होतो. एकदा म्हटलं, तात्या, जुडी सोडून साबणाच्या पाण्यात बुडवूया का? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, वाचलेलं खरं आहे का याची खात्री केली आणि म्हणाले, "घाई तुका आसा, वायरीक नाय."

एका जुडीतल्या वायरींचा रंग पुसूनही परत येईना. सगळ्या सारख्याच पिवळट झालेल्या. मशीनचा नकाशा कधीच हरवलेला. त्या सोल्डरच्या टाक्यावरून सोडवल्याशिवाय साफ होणार नव्हत्या, आणि सोडवल्या तर कुठली कुठे लावायची हे कळणार नव्हतं. शुक्रवारी मी कचेरीत असताना तात्यांनी त्या सोडवल्या. जाताना दाराच्या फळीवर खडूने लिहून गेले: मी येईपर्यंत हात लावू नको.

शनिवारी सकाळी मी हात लावला. मित्र दुसऱ्या दिवशी येणार होते. निदान वायरी तरी चकचकीत दिसाव्यात असं मला वाटलं. पिवळट जुडीतल्या प्रत्येक वायरीच्या टोकाला काळपट, तेलकट सुताचा दोरा लोंबत होता. मी शिंप्याचा मुलगा. लहानपणी दुकानात माझं काम एकच, शिवून झालेल्या कपड्याचे लोंबणारे दोरे कापायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. जमिनीवर पडला तर वडील कान पिळायचे. लोंबता दोरा दिसला की अजूनही माझा हात विचारायला थांबत नाही. मी ते एकेक करून कापले, डब्यात टाकले, झाकण लावलं आणि वायरी स्वच्छ पुसून काढल्या. फार समाधान वाटलं.

संध्याकाळी तात्या आले. स्टुलावर बसले आणि त्यांनी जुडी हातात घेतली. ते डोळ्यांनी बघत नव्हते. अंगठा आणि पहिलं बोट वायरीच्या टोकाशी नेऊन काहीतरी चाचपत होते. दुसरी वायर. तिसरी. मग मला कळलं. साचेखात्यात तेलाने चिठ्ठी टिकत नसे, रंग टिकत नसे, म्हणून तिथले वायरमन खुणेसाठी सूत बांधत. एक गाठ म्हणजे एक, दोन गाठी म्हणजे दोन, पाचाला एक फासाची मोठी गाठ. अंधारातही बोटांना वाचता येईल अशी. मीटरच्या खोलीतलं कोडं मला त्या क्षणी उलगडलं: तिथेही पुसता पुसता त्यांनी अशाच गाठी बांधल्या असणार.

तात्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मी दोरे बांधलले ना रे?"

डबा माझ्या कोपराशी होता. त्या कापलेल्या दोऱ्यांनी मशीन दुरुस्त होणार नव्हतं, कुठला दोरा कुठल्या वायरीचा हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. पण तात्यांना त्यांचं उत्तर मिळालं असतं. फळीवरची खडूची अक्षरं त्यांच्या पाठीमागे तशीच होती. पन्नाशीचा माणूस मी, आणि मला बोलणी खायची भीती वाटली. उद्या सांगू, असं मनात आलं. मी मान हलवली. नाही.

ते रागावले नाहीत. हातातली वायर त्यांनी परत जुडीत ठेवली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "म्हातारो झालंय." पकड, टेस्टर, सोल्डरचा डाग द्यायची इस्त्री, सगळं फडक्यात बांधलं आणि जिना चढून गेले. मित्रांना मी फोन करून नका येऊ म्हणून सांगितलं. त्यांना कारणही खोटंच दिलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. मग त्या उद्याचा आठवडा झाला, महिना झाला. तात्या परत खाली आले नाहीत. मीटर नंबर म्हणणं त्यांनी सोडून दिलं, चुकलं तर कळेल म्हणून. काकी मला काळजीने सांगायच्या की हल्ली आपलं डोकं चालत नाही असं हे स्वतःच म्हणतात. कुलूप लावून तीनदा खेचून बघतात. गॅसला हात लावत नाहीत. शर्टाच्या खिशात घरच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवायला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. शेजारचा पंखा बंद पडला तर हे कॉटवरून उठले नाहीत. मी दर पंधरवड्याला फळं घेऊन जायचो, पाच मिनिटं बसायचो आणि त्यांच्या तोंडासमोर बोलणं टाळायचो. ज्याला डोक्यात काहीच झालं नव्हतं, तो माणूस माझ्या एका मानेच्या हालचालीवर विश्वास ठेवून थोरल्या भावाच्या वाटेवर चालू लागला होता.

यंदा त्यांची छाती भरली. गिरणीतला कापूस इतक्या वर्षांनी बोलायला लागला, असं डॉक्टरांनी काकींना सांगितलं. घरीच ठेवा म्हणाले. काकींचा फोन आला तेव्हा मी कचेरीतून तडक दुकानात गेलो, पत्र्याचा डबा उघडला आणि ते दोरे रुमालात घेतले.

त्या दुपारनंतर तात्या अकरा दिवस जगले. त्या अकरा दिवसांत त्यांनी काकींना खिशातली चिठ्ठी काढून टाकायला लावली. एका सकाळी भिंतीला धरून ओट्यापर्यंत गेले आणि स्वतः गॅस पेटवून दोघांचा चहा केला. मीटर नंबर म्हणून दाखवले, सगळेच्या सगळे. माझ्याबद्दल काय म्हणाले ते काकींनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दुपारी मी दोरे घेऊन वर गेलो. गॅलरीत बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. तात्या उशीला टेकून बसलेले, काकी बाजूला. मी रुमाल त्यांच्या मांडीवर उघडला. त्यांनी एक दोरा उचलला आणि डोळे मिटून बोटांमधून फिरवला. "सात," म्हणाले. दुसरा उचलला. "अकरा." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

मी सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं, पण माझे ओठ इतके थरथरत होते की त्यांना ते वाचता येईनात. खोटं बोलताना मला आवाजही लागला नव्हता. खऱ्यासाठी मला ओरडावं लागणार होतं. दार उघडं होतं. मी त्यांचा हात धरला आणि साचे चालू असताना बोलतात तसा, सबंध चाळीला ऐकू जाईल असा ओरडलो. गॅलरीतल्या सुपांचा आवाज थांबला.

"तात्या, दोरे तुम्ही बांधले होते. मी कापले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. तुम्ही काही विसरला नव्हता, तात्या. कधीच काही विसरला नव्हता. मला माफ करा."