खालाच्या सिनेमातली मोलकरीण

आमच्या शेजारच्या खालाइतका खोटा सिनेमा अख्ख्या रत्नागिरीत कुणी सांगत नसेल. आईची दृष्टी गेल्यापासून दुपारची नमाज आटोपून ती यायची, टीव्ही लावायची आणि आधी त्याचा आवाज बंद करायची. "त्यांचं त्यांना काय कळतंय? मी सांगते." नायक आला की ती सुपारी कातरायला घ्यायची, तिच्या गोष्टीत त्याला कामच नसे. एकदा मोठी मारामारी चालली होती. आईनं विचारलं, "काय चाललंय गो?" "काय नाय, पुरुष दमतायत."

तिचं सगळं लक्ष चहाचा ट्रे आणणाऱ्या मोलकरणीकडे. ही आता कुठे जाणार, मालकिणीची विधवा नणंद हिला बस म्हणणार का, यातच तिचा जीव. तिचा एक आवडता सिनेमा होता. त्यात त्या दोघी शेवटी स्वयंपाकघरात जेवायला बसायच्या. "एकाच ताटात?" आई दरवेळी विचारायची. "एकाच," खाला ठासून सांगायची.

आमच्या घरची रीत वेगळी होती. मी हिशेबी माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो. खालाकडचा अख्खा फणस आई घ्यायची; तिच्या घरचं शिजवलेलं कधीच नाही. खालाही ईदला आमच्याकडे निमूटपणे नुसते खजूर पाठवायची.

गेल्या वैशाखात आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी खालानं पुन्हा त्या दोघींना जेवायला बसवलं, तशी आई म्हणाली, "बाय, तुझ्याकडचं सांदण आण गो उद्या." खाला सिनेमा अर्धा टाकून उठली आणि तडक फणसाचे गरे काढायला गेली.

सकाळी ती गरम सांदण घेऊन आली, तेव्हा आईच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. खालानं नखाएवढा तुकडा तिच्या ओठांना लावला आणि उरलेलं त्याच ताटलीतून स्वतः खाल्लं. "गोड झालंय काय गो?" आईनं मान हलवली, असं खाला सांगते. मी तिथेच उभा होतो. मला काही ती हललेली दिसली नाही.

आई गेल्यावर तो सिनेमा मी आवाजासकट पाहिला. त्या दोघी एकमेकींशी शब्दही बोलत नाहीत. मी खालाला तसं म्हटलं.

"ठाऊक हाय. तुझ्या आईलाही ठाऊक होतं. तिचे डोळे होते तेव्हा थेटरात आम्ही दोघींनीच बघितला तो."

खाला अजून दुपारी येते, पण टीव्हीचा आवाज बंद करत नाही. परवा कुठल्याशा सिनेमात मोलकरीण आली. मीच विचारलं, "खाला, पुढे काय?"

"काय व्हायचंय? ट्रे ठेवलान नि गेली."