ओल्या जाळ्याचा माग

मत्स्य खात्यातल्या कंत्राटी नोकरीत माझ्याकडं जिल्ह्यातल्या तलावांचा नकाशा होता. हिवाळ्यात नळदुर्गच्या पुढं एका पाझर तलावात मरळ माशांच्या अंगावर लाल जखमा दिसल्या. साहेब म्हणाले, "आता कुठं लागण होईल, तेवढं काढून द्या."

मी त्या तलावातून निघणाऱ्या ओढ्याच्या उताराकडचे तलाव नकाशावर लाल केले आणि स्कूटीवरून एकेक पाहत फिरले. पाच दिवस झाले, तिथले मासे ठणठणीत. जखमा निघाल्या त्या उमरग्याकडच्या एका तलावात. त्याचा या ओढ्याशी काहीच संबंध नव्हता.

मग मी नकाशा घेऊन बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींकडं गेले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी तलावांची नावं सांगत गेले.

"तुमी पाण्याची वाट काढली, बाई," त्या म्हणाल्या. "जाळ्याची काढा. समद्या तळ्यांत एकच टोळी जाळं टाकती. ज्या गावचा बाजार, त्याच्या आदल्या दिवशी तिथलं तळं. जाळं वलंच गुंडाळून टेम्पोत टाकत्यात."

त्यांनी बोटांवर बाजार मोजले, मी लिहून घेतले. आजारी तलावानंतर लगेच उमरग्याकडचा तलाव येत होता. मला लाज वाटली. त्यांच्याकडून मी कितीदा मासे घेतले होते, पण हे कधी विचारलं नव्हतं.

यादीतल्या तिसऱ्या तलावावर पोचले, तर जाळं आदल्याच दिवशी पडून गेलं होतं. चौथ्यावर टोळी नुकतीच टेम्पोतून उतरत होती. मी त्यांच्या म्होरक्याला जखमांचे फोटो दाखवले.

"आज जाळं न्हाय टाकलं, तर उद्या बाजारात काय इकू?"

"आज गळानं धरा, काका. जाळं चुन्याच्या पाण्यातून काढून दोन दिवस उन्हात वाळवा. मग टाका."

त्यानं फोटो मोठे करून जखमा पाहिल्या. मग त्यानं जाळं बाभळींवर पसरायला लावलं. चुना मात्र मलाच आणावा लागला.

तिसऱ्या तलावात काही दिवसांनी जखमा दिसल्याच. चौथ्यात हिवाळाभर एकही दिसली नाही. साहेबांनी विचारलं, "जाळं वाळवल्यामुळं वाचला म्हणायचं?"

"एका तलावावरून सांगता येत नाही," मी म्हणाले. आणि अहवालात तसंच लिहिलं.