लिफ्ट बंद हाय आज

माणसाची खरी प्रत दोघांनाच कळते, एक देवाला आणि एक आमच्या हिच्या मामांना. त्यातला देव निदान मेल्यावर तरी निकाल सांगतो म्हणतात. मामा तेवढंही सांगत नाहीत.

मामांचं जालन्याला बसस्टँडजवळ लॉज आहे. खाली बियाण्यांचं आणि चपलांचं दुकान, पहिल्या मजल्यावर मामांचा काउंटर, वरच्या दोन मजल्यांवर मिळून चौदा खोल्या. मामा मूळचे बदनापूरकडचे, मोसंबीवाले. मिसरूड फुटायच्या आधीपासून वडिलांशेजारी मोसंबीच्या ढिगापुढे बसून त्यांनी फळं निवडली. पुढे बाग धाकट्या भावाकडे गेली आणि मामांनी लॉज काढलं, पण निवडायची खोड काही बागेत राहिली नाही. ढिगाच्या जागी जिन्यावरून येणारी माणसं आली, एवढाच फरक. मामांच्या मते जगात माणसं चारच प्रकारची. पहिलं मिरगाचं, म्हणजे मृग बहाराचं फळ. थोडं येतं, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, लोकांना तहान असते तेव्हा येतं. दुसरं आंब्या बहाराचं. रीतसर, भरपूर, खाऊन कुणाचं वाईट न करणारं. तिसरं जाडसाल, दिसायला टपोरं, हाताला वजनदार, आणि सोललं की निम्मी सालच. चौथं गळ, म्हणजे पिकायच्या आधीच झाडावरून निसटलेलं.

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव रजिस्टरात चढलं की मामा कानावरची पेन्सिल काढून नावाच्या कडेला वाटाण्याएवढा एक गोल काढत. गोलाला वर पान असलं तर मिरग, नुसता गोल असला तर आंब्या, गोलात गोल म्हणजे जाडसाल, आणि गोलाखाली आडवी रेघ असली की ती जमीन, फळ खाली पडलेलं. हे सगळं घरच्यांपुरतं. एकदा रजिस्टर तपासायला आलेल्या पोलीस साहेबांनी विचारलं, "हे गोल कसले ओ?" मामा शांतपणे म्हणाले, "पेन्सिलीचं टोक बघून राह्यलो, साहेब." साहेब गेल्यावर त्यांच्यासाठी एक गोल मामांनी हवेतच काढला. त्यात आणखी एक गोल होता.

प्रत ठरली की खोली ठरे. मिरगाला दुसऱ्या मजल्यावरची पूर्वेची कोपऱ्यातली खोली, धुवट चादर, आणि सकाळचा चहा मामींच्या हातचा, घरून. गळीला तिसऱ्या मजल्यावर, टाकीच्या खाली, जिथं पहाटे पाणी चढू लागलं की भिंतीला हुडहुडी भरते. भाडं मात्र सगळ्यांना सारखं, आणि बोलणंही सारखंच. उलट गळ माणसाशी मामा जरा जास्तच गोड. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पडलेल्या फळाला लाथ नस्ती मारायची, जावई. पिकलं न्हाई, त्यात त्याची एकट्याची चूक थोडीच असती?"

आता ही प्रत ते ठरवत कशी, तर त्यांच्या दोन परीक्षा होत्या. पहिली पेनाची. रजिस्टरावर सुतळीनं न बांधलेलं एक निळं पेन असे, आणि ते बिलकुल चालत नसे. गिऱ्हाईक लिहायला वाके, पेन खरडे, आणि मामा पंख्याकडे बघितल्यासारखं करून त्याच्याकडे बघत. कुणी पेन झटके, कुणी तोंडाची वाफ देई, कुणी "काय लॉज चालवता" म्हणून आदळे. मग मामा खणातून चालणारं पेन काढून देत. एक बियाणं कंपनीचा बडा माणूस गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारून "याला पेन चालवून दे" म्हणाला होता. गोलात गोल काढताना मामांना म्हणे जागा पुरली नाही. दुसरी परीक्षा त्याहून अवघड. किल्ली हातात देताना मामा हळहळून सांगत, "लिफ्ट बंद हाय आज." वास्तविक त्या इमारतीत लिफ्ट कधीच नव्हती, बसवायची म्हटलं तर आधी चपलांचं दुकान पाडावं लागलं असतं. पण त्या एका वाक्यावर माणूस काय बोलतो, यात मामांना त्याचं कूळ, शील आणि सगळी कुंडली दिसे. टेंभुर्णीहून डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. आजी आजोबांचा हात धरून म्हणाल्या, "असू द्या दादा, तुमच्या मशिनीलाबी एखांदा दिस इसावा पाह्यजे." दुसऱ्या दिवशी त्या खोली झाडून, तांब्या घासून उपडा ठेवून गेल्या. मामांनी त्यांच्या गोलाला दोन पानं काढली. असं त्यांनी आयुष्यात एकदाच केलं.

हे सगळं मी इतक्या खुशीत सांगतोय, पण मी स्वतः त्या रजिस्टरात आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी नाशिककडून जालन्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आलो, तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत अकरा दिवस मामांच्या लॉजवर होतो. मला तेव्हा ना मिरग ठाऊक ना गळ. बाराव्या दिवशी सामान घेऊन निघालो तर मामा म्हणाले, "रविवारी जेवायला या घरी." गेलो. भाकरी, ठेचा आणि भाची, तिन्ही एकदमच समोर आली. चार महिन्यांत लग्न झालं. सासरी सगळ्यांना एकच सांगितलं गेलं, मुलगा मामांनी पारखून आणलाय. त्या वाक्यावर मी बरीच वर्षं ताठ मानेनं काढली. पण बायकोची माहेरची माणसं कौतुक करतात तेव्हा बायको हजर असतेच. मी मोंढ्याच्या बाजारातून नेमकी जाडसाल मोसंबी उचलून आणली, वाटूरला उतरायचं तर झोपेत मंठ्यापर्यंत गेलो, मुलाच्या शाळेत दुसऱ्याच मुलाच्या पालकसभेला तासभर बसून आलो, की ही शांतपणे म्हणते, "मामांची नजर आयुष्यात एकदाच चुकली." मग मी ठरवलं, मामांकडूनच सर्टिफिकेट आणायचं. दर दिवाळीला विचारलं, "मामा, माझ्यापुढे कोणता गोल आहे?" मामांचं दर दिवाळीला एकच उत्तर, "फळानं सोताचा भाव इचारायचा नस्तो, जावई." आणि जुनी रजिस्टरं मामांच्या खुर्चीमागच्या कपाटात, किल्ली मामांच्या करगोट्याला. माणसानं चोरी तरी कशी करावी?

आणि मग गेल्या वर्षी मामांच्या मुलानं लॉज फोनवर आणलं. म्हणजे लोकांनी घरबसल्या खोली घ्यायची, राहायचं, आणि जाताना लॉजला तारे द्यायचे. मुलगा गुणी आहे. जिन्याला नवी फरशी आणि खोल्यांत मोठे टीव्ही त्यानंच आणले. पहिल्याच महिन्यात कुणीतरी लिहिलं, "खोली स्वच्छ. पण काउंटरवरचे काका लिफ्ट बंद आहे असं खोटं सांगतात. इमारतीत लिफ्टच नाही. पेनसुद्धा चालत नाही. दोन तारे." मुलानं ते मामांना वाचून दाखवलं नाही, पण कुणकुण लागल्यावर मामांनीच मला बोलावून वाचायला लावलं. मी वाचलं. मामांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाले, "पाचातले दोन?"

"हो मामा."

"म्हंजे गळ."

"तसं नाही हो मामा. त्या लोकांचं काय एवढं."

"न्हाई, बराबर हाय त्याचं. खोटंच बोल्लो ना मी." आणि पुढे म्हणाले, "पण आपुन गोल काढायचो ते झाकून काढायचो, जावई. कुणाला घरी गेल्यावर कळू दिलं न्हाई कधी, तू गळ हायस म्हणून. यानं गावभर लावला की."

त्यानंतर मामांचं लक्ष उडालं. गुडघेही कुरकुरत होतेच. दिवाळीनंतर त्यांनी आपणहून सांगितलं, आता खुर्ची पोराकडं. पोरानं लगोलग संगणक आणला आणि जागा करायला जुनं कपाट रिकामं करायचं ठरवलं. रद्दीवाला रविवारी सकाळी येणार होता. हिनं ही बातमी मला शनिवारी जेवताना सांगितली आणि भाताचा घास तोंडाशी नेता नेता म्हणाली, "तुमचा निकाल उद्या किलोवर जाणार."

रविवारी मी रद्दीवाल्याच्या आधी हजर. मामा काउंटरवर शेवटचे बसले होते, धुतलेलं धोतर, कानावर पेन्सिल. रजिस्टरांची चळत जमिनीवर उतरली होती. मी ग्रंथपाल माणूस, साल शोधायला मला किती वेळ लागणार? पिवळी पडलेली पानं, कुणाकुणाच्या सह्या, आणि त्यात माझं नाव, माझ्याच तेव्हाच्या ऐटबाज अक्षरात. शेजारी गोल. गोलाखाली रेघ. चांगली दाबून काढलेली.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. सत्तावीस वर्षं मी सासरच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसलो होतो, जमिनीवर पडलेलं फळ.

"घावलं?" मामा वरून म्हणाले.

"घावलं."

"मंग काय करणार? लिफ्ट बंद हाय म्हणलं तर तुम्ही रोज येता-जाता इचारायचे, कधी चालू होणार, कधी चालू होणार. अकरा दिवस. मला तोंड लपवायला जागा न्हाई राह्यली. आन् पेन तर तुम्ही पहिल्याच दिवशी खिशात घालून घेऊन गेल्ते. माझं परीक्षेचं पेन. इतक्या वर्षांत कुणी नेलं न्हाई."

मला खरंच आठवत नव्हतं. विसरून दुसऱ्यांची पेनं खिशात घालणं हा माझा दोष कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

"पान उलटा," मामा म्हणाले.

पान उलटलं. खोली सोडल्याची तारीख लिहायच्या रकान्यात माझं नाव पुन्हा होतं, आणि त्याच्यापुढे नुसता गोल. स्वच्छ, वाटोळा, रेघ नसलेला. बाकी कुणाच्याही नावापुढे त्या बाजूला गोल नव्हता. मी आणखी चार पानं चाळून बघितली.

"जाताना पेन आणून दिलं तुम्ही. नवी रिफिल टाकून." मामा आता माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. "म्हणले, मामा, माफ करा, नजरचुकीनं गेलं, लिहीत नव्हतं म्हणून रिफिल घातली. माझं पेन बिघडवलं पार. धा दिवस लागले मला दुसरं बिघडलेलं पेन मिळायला. त्या दिवशी म्या ठरवलं, पोरगी द्यायला हरकत न्हाई. येडा हाय, पण नेलेलं परत आणतो, अन् नीट करून आणतो."

"मग पान का नाही काढलंत?"

"घाई काय हाय," मामा म्हणाले.

रद्दीवाला आला. चळत गेली, ते एक रजिस्टर मी काखेत ठेवलं. मामांनी खिशातून निळं पेन काढून मुलाच्या संगणकाशेजारी ठेवलं, "याच्यात रिफिल नको टाकू" एवढंच सांगितलं. टेबलावरची धूळ स्वतःच्या पंच्यानं पुसली, खुर्ची आत सरकवली, किल्ल्यांच्या फळीवर सगळ्या किल्ल्या आकड्यांची बाजू बाहेर करून सरळ लावल्या, आणि आपल्या डोक्यावरचा पंखा बंद केला. खोली सोडून जाणाऱ्या टेंभुर्णीच्या आजींची मला आठवण झाली.

जिन्याच्या तोंडाशी मामा थांबले. नव्या फरशीच्या वीस-बावीस पायऱ्या खाली दिसत होत्या. त्यांनी एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि समोर बघत म्हणाले, "लिफ्ट बंद हाय आज."

"असू द्या मामा," मी म्हणालो. "जाऊ सावकाश."

पहिली पायरी उतरताना त्यांचा खांद्यावरचा हात जरा जड झाला. पेन्सिल कानावरच होती, रजिस्टर माझ्या काखेत. आम्ही दोघंही पायऱ्या मोजत उतरलो.