खुशालच्या अंगावरची साडी

इतवारी बाजारातल्या आमच्या साडीच्या दुकानात खुशाल निनावे गिऱ्हाइकांना साड्या स्वतःच्याच अंगावर नेसून दाखवतो. एकदा आमचा शेठ त्याला म्हणाला, "तोंड उजळ असलं की साडी खुलून दिसते गा." झालं! खुशालनं डॉक्टरला न विचारता औषधाच्या दुकानातून गोरं करणारी ट्यूब आणली. चेहरा लगेच चकाकला. शेठ खूश, म्हणून हा वर्षानुवर्षं ती फासत राहिला.

मग गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. लाल शिरा दिसू लागल्या. उन्हात निघालं की तोंडाची आग व्हायची. एक दिवस ट्यूब लावली नाही तर चेहरा भडकायचा, की हा पुन्हा तीच लावायचा. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. आग यानंच लागली, अन् विझवायलाही तुम्ही हेच लावता."

त्यांच्या औषधानं ट्यूब हळूहळू सुटली. तेवढे महिने शेठनं त्याला मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. मला त्या शेठचा अजून संताप येतो.

यंदा लग्नसराईत माणसं कमी पडली, तेव्हा कुठे खुशालला पुढे बोलावलं. गालावर थोडी लाली उरली होती. बाकी रंग त्याचा स्वतःचा, सावळा. समोरची नवरीही सावळीच. साड्यांच्या ढिगातली एकही ती हातात घेत नव्हती. खुशालनं मोरपंखी पदर खांद्यावर घेतला, तशी ती पुढे सरकली.

"भाऊ, असेच उभे राहा जी. माझ्यावर कशी दिसन, ते आत्ता समजून राहिलं."