लांडग्याचं नाटक

सिसिलियाबाई साळवे खुर्चीत बसून शिकवताहेत, असं राजूरच्या अलीकडच्या त्या सिस्टरांच्या शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. वर्गातली खुर्ची दप्तरं ठेवायलाच असायची. बाई कविता म्हणत बाकांमधून फिरायच्या, मध्येच खिडकीला अडसर लावायच्या, एखादीची वेणी सुटलेली दिसली तर कविता न थांबवता ती घालून द्यायच्या.

हा स्वभाव तरुणपणी त्यांच्या चांगलाच आड आला होता. त्या मूळच्या केडगावच्या. वडील चर्चचे प्रचारक, घरात रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. बारावी झाल्यावर सिसिलिया सिस्टर व्हायचं म्हणून फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या मठात गेली. साधं खाणं, दोन जोडी कपडे, शेणगोठ्याचं काम, यातलं काहीच तिला जड वाटलं नाही. जड गेलं ते मौन. पहाटे सगळ्या जणी डोळे मिटून ध्यानाला बसायच्या आणि हिला बाहेर नळ गळत असलेला ऐकू यायचा. उठून बंद करून यायची. परत बसायची. मग आठवायचं, गाईला पाणी दाखवलं का? शेवटी मोठ्या सिस्टरांनी तिला जवळ बसवलं. "बाळ, तुझा देव तुला चालताना भेटेल. तू घरी जा." बोलणं मायेचंच होतं, पण सिसिलिया घरी परतली ती काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखी. पुढं डी.एड. करून ती त्याच सिस्टरांच्या शाळेत मराठी शिकवायला लागली. लग्न केलं नाही. मठात तिच्याबरोबर असलेली लिलियन आता शाळेची मुख्याध्यापिका होती. चारचौघांत बाई तिला सिस्टर म्हणायच्या, एकटी सापडली की लिली.

चार ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावची जनावरं यायची. पोळ्यासारखी शिंगं रंगवलेले बैल, शेळ्या, कुणाच्या काखेत कोंबडी. फादर सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे. शाळेतली बहुतेक मुलं हिंदू शेतकऱ्यांची, पण हा सण कुणाला परका वाटायचा नाही. आणि त्या दिवशी बाईंनी बसवलेलं लांडग्याचं नाटक व्हायचं. एका गावाला लांडग्यानं हैराण केलेलं असतं, फ्रान्सिस एकटा रानात जातो, त्याला भाऊ म्हणून हाक मारतो, आणि गावात आणतो. गाव त्याला रोज खायला घालायचं कबूल करतं, लांडगा कुणाला न धरायचं कबूल करतो. फ्रान्सिस व्हायला मुलं तयार असायची, पण भांडणं व्हायची ती लांडग्यासाठी. यंदा लांडगा सातवीतल्या संस्कृतीला मिळाला होता.

तालीम सुरू झाली त्याच आठवड्यात संस्कृतीच्या आईला बिबट्यानं धरलं.

सविता इतर बायकांबरोबर बांधावर गवत कापत होती. उजेड होता अजून. बिबट्या उसातून आला आणि त्यानं तिचा खांदा धरला. बायकांनी आरडाओरडा करून, विळे आपटून तिला सोडवलं. सविता वाचली. पण उजवा हात उचलेना, आणि गालावरून मानेपर्यंत टाके पडले. संगमनेरच्या दवाखान्यातून घरी आल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. संस्कृती शाळेत यायची बंद झाली.

बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. तालमीत मुलं "ये, लांडगेदादा" म्हणायची आणि बाईंना पुढचं वाक्य सुचायचं नाही. शेवटी एका दुपारी त्या संस्कृतीच्या वस्तीवर गेल्या.

सविता आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. संस्कृतीनं पाणी आणलं. बाईंनी तब्येत विचारली, शाळेचं सांगितलं. सविता ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मग ती एकदम म्हणाली, "बाई, तुमचा त्यो बाबा लांडग्याला भाऊ म्हनला. त्याला लांडग्यानं धरलं हुतं का?"

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"न्हाई ना? मंग त्याला काय हुतंय भाऊ म्हनायला."

वाटेत बाई इतक्या भराभर चालल्या की शाळेपर्यंत येताना दम लागला. लिलियन ऑफिसात होती.

"लिली, यंदा नाटक नको."

"का?"

बाईंनी सविताचं बोलणं सांगितलं. लिलियननं हातातलं रजिस्टर मिटलं. "फ्रान्सिस आधी रानात गेला नव्हता, सिसिलिया. आधी तो गावात होता. लोकांची भीती त्यानं ऐकली, मगच निघाला."

"ते आपल्या नाटकात कुठं आहे?"

"नाहीच आहे."

बाई चिडल्या, पण कुणावर ते त्यांचं त्यांना कळेना. त्यांनी नाटक रद्द केल्याचं मुलांना सांगून टाकलं. त्यानंतर त्या शाळेच्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला जाऊन बसत आणि लगेच उठत. सविताचा प्रश्न तिथंही पाठ सोडत नव्हता. इतकी वर्षं आपण टाळ्या पडणारं नाटक बसवलं, आणि ते खरं आहे का हे कधी विचारलंच नाही, असं त्यांना वाटायचं.

वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला होता. एका सकाळी बाई राजूरहून शाळेच्या गाडीतून येत होत्या. आईवरच्या हल्ल्यानंतर संस्कृती त्या दिवशी पहिल्यांदाच गाडीत बसली होती. पिंजऱ्यापाशी रस्ता माणसांनी भरला होता. ड्रायव्हर गनीभाईंनी गाडी थांबवली.

"घावला वाटतं," ते म्हणाले.

बिबट्या पिंजऱ्यात होता. लोकांनी वरचं ताडपत्रीचं झाकण ओढून काढलं होतं. काठ्या गजांवर आपटत होत्या, दगड पडत होते. जनावर उडी मारून गजांवर धडकत होतं, त्याचं तोंड रक्तानं माखलं होतं. वनखात्याची दोन माणसं हात जोडून लोकांना मागं सरका म्हणत होती. सगळ्यांत पुढं सविताचा नवरा ज्ञानेश्वर होता, हातात जाड दांडकं घेऊन.

"गनीभाई, दार लावून घ्या. कुणाला उतरू देऊ नका," म्हणत बाई उतरल्या.

आपण काय करणार आहोत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वनखात्याचा एक जण ताडपत्री पुन्हा टाकायला धडपडत होता, तिचं दुसरं टोक कुणी धरत नव्हतं. बाईंनी ते धरलं. जनावराचा उग्र वास आला. भाऊ वगैरे काही त्यांच्या मनात आलं नाही. भीती वाटली, नुसती भीती. एक दगड त्यांच्या कोपरावर बसला.

"बाई, बाजूला व्हा," ज्ञानेश्वर म्हणाला.

"होते."

पण झाल्या नाहीत.

"ह्याची दया येती तुमाला? माझ्या बायकूकडं बघून आलात ना तुमी?"

"आले. दया नाही येत ज्ञानेश्वर, मला भीती वाटतेय. पण गाडीत तुमची संस्कृती बसलीये. ती रोज घरात आईकडं बघते. त्यात आता हे आणखी नको."

ज्ञानेश्वरानं वळून पाहिलं. गाडीच्या काचेला कपाळ टेकवून मुलगी बापाकडं बघत होती. मग त्याचा दांडक्याचा हात खाली आला. "थांबा रं जरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. काही थांबले, काही नाही. पण तेवढ्या वेळात पिंजरा झाकला गेला, वनखात्याच्या गाडीत चढवला गेला. गाडी निघाली तेव्हाही मागून कुणीतरी एक दगड भिरकावलाच.

गावात दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. बाईंनी बिबट्याची बाजू घेतली, असंही लोक म्हणाले. एकानं आपलं पोर शाळेतून काढलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. मठातून परतताना जसं वाटलं होतं, तसंच पुन्हा वाटायला लागलं, की आपल्याला धड काहीच जमत नाही.

सण जवळ आला तेव्हा संस्कृती मधल्या सुट्टीत त्यांच्याकडं आली.

"बाई, नाटक करू या. पन मला लांडगा नको. मला लांडगा चावल्याली बाई व्हायचंय."

"तशी बाई गोष्टीत नाही, संस्कृती."

"कशी न्हाई? लांडग्यानं कुनाला तरी धरलंच आसंल ना. उगंच का गाव भ्यालं?"

बाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या, त्या थांबल्या.

मग नाटक नव्यानं लिहिलं गेलं. फ्रान्सिस झालेला पार्थ रानाकडं निघतो आणि वाटेत लांडगा चावलेल्या बाईचं घर लागतं. ती दारातूनच विचारते, "तुला धरलं हुतं का लांडग्यानं?" यावर फ्रान्सिसनं काय म्हणायचं? बाईंनी पुष्कळ वाक्यं लिहिली आणि फाडली. शेवटी पार्थला सांगितलं, "काही म्हणू नकोस. तिच्या दारात जमिनीवर बस. ती बोलेपर्यंत बस."

सणाच्या दिवशी पटांगण भरलं होतं. जनावरं यंदा कमी आली होती. संस्कृतीनं प्रश्न विचारला, पार्थ खाली बसला, आणि संस्कृती पुढचं वाक्यच बोलेना. शेळ्या ओरडत होत्या. बाई पडद्यामागं पदराचं टोक पिळत होत्या. बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "जा तुला जायचं तर. मी येनार न्हाई. पन गावाला सांग, माज्याबी घरी कुनी तरी येत जावा." हे शेवटचं वाक्य बाईंनी लिहिलेलं नव्हतं.

टाळ्या उशिरा पडल्या. मागच्या रांगेत सविता बसली होती, दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, पदर चेहऱ्यावर ओढून, शेजारी ज्ञानेश्वर. बाई तिच्याकडं गेल्या.

"माझंच बोलनं घेतलंत," सविता म्हणाली.

"हो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"ऱ्हाऊ द्या." ती थोडी थांबली. "त्यो पोरगा लई येळ बसला."

त्यानंतर बाई संध्याकाळच्या गवताला जाणाऱ्या बायकांबरोबर जाऊ लागल्या. माणसांचा मोठा आवाज असला की बिबट्या सहसा जवळ येत नाही, म्हणून सगळ्या मोठ्यानं बोलत चालायच्या. लिलियनही सवड मिळाली की यायची. जाताना वाटेत त्या सविताच्या घरी थांबायच्या, चहा व्हायचा. मग नदीकाठी पुन्हा ताजे ठसे दिसले. पहिला गेला, दुसरा आला होता. पिंजरा पुन्हा लागला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सविताही उठली आणि बायकांच्या घोळक्यात सामील झाली. बाई तिच्या अधू हाताच्या बाजूनं चालू लागल्या. उसाच्या कडेला आल्यावर आत काहीतरी सळसळलं. सगळ्यांची तोंडं बंद झाली. सविताचा श्वास बाईंना ऐकू येत होता.

"बोला ना बाई," सविता म्हणाली. "गप नका ऱ्हाऊ."

बाईंनी सातवीची कविता म्हणायला सुरुवात केली, आणि बायका पुढं निघाल्या.