तीनदा बंद लिहिलेलं घर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊकच असेल, म्हणून गप्प राहिले म्हणा. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, तरी बसा जरा. मी बोलते तशीच लिहिते. शाळा तमिळ, तीही दहावीला सुटली, आणि ही अक्षरंसुद्धा लेकीच्या हिंदीच्या पुस्तकावरून गिरवली.

गल्लीगल्लीत रंगीत टीव्ही येऊ लागले, ते दिवस. आमच्या तंजावर जिल्ह्यातल्या घरांचं उत्पन्न किती, ते काढायचं सरकारी काम निघालं होतं. माणसं कमी पडली म्हणून माझ्यासारख्या बायकांनाही हंगामी घेतलं. साहेब भला माणूस. तो म्हणाला, सरासरी नको, एका मिरासदारापायी अख्खा गाव श्रीमंत दिसतो. शाळेत मुलं उंचीप्रमाणे उभी करतात ना, तशी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावायची. बरोब्बर मधलं घर जे, त्याचं उत्पन्न ते जिल्ह्याचं. मला हे फार आवडलं होतं. ओळीत लहानातल्या लहानाचीही जागा धरली जाते, नाही का?

आता सगळ्या घरांना कोण विचारणार? म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही घरं निवडलेली. ती बदलायची नाहीत. दार बंद असेल तर तीनदा जायचं, तीन तारखा लिहायच्या, मगच यादीतलं पुढचं घर घ्यायचं.

माझ्या वाट्याला पापनाशम गाव आलं, आणि त्याच्या यादीत अक्काचं नाव निघालं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर लवकर गेले, मूलबाळ नाही. अप्पळं, म्हणजे पापड, लाटून दुकानात द्यायची, त्यावर तिचं चालायचं. माझ्या पहिल्या बाळंतपणात चाळीस दिवस उशाशी तीच बसली होती — आई नव्हे, सासू नव्हे, ती.

तिचं घर मी बंद लिहिलं. तीनदा. तीन तारखा, तीन वेगळ्या वेळा — खोटं नीटनेटकं लिहायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. एकदा तर मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. अक्का दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, शेजारी झाकून ठेवलेली कॉफी. तुमची जाऊच घरोघर विचारत फिरतेय, हे तिला कुणी ना कुणी सांगितलंच असणार. मी तिथूनच मागे वळले. तिच्या जागी पुढच्या गल्लीतल्या मास्तरांचं घर घेतलं. दोन पगार, स्कूटर, फ्रिज. ओळीतलं खालचं एक घर गेलं, वरचं एक आलं. एवढ्यानं जिल्ह्याला काय होणार, म्हणाल. खरंय, काही झालं नाही.

तुम्हाला वाटेल, नात्यातली गरिबी लिहायची लाज वाटली. तसंच वाटू द्यावं, असं माझ्याही मनात आलं — आत्ता, हे लिहिताना. पण तसं नव्हतं.

कागदावर एक प्रश्न होता: नातेवाइकांकडून महिन्याला काय येतं?

आमचे हे दर पहिल्या तारखेला वहिनीसाठी म्हणून पैसे माझ्या हातात द्यायचे, मनीऑर्डर करायला. मी वर्षभर ती केलीच नव्हती. आमच्याकडेही रंगीत टीव्ही आला होता, हप्त्यावर. हप्ते शिवणाच्या पैशातून भागवते, असं यांना सांगितलं होतं. यांनी कधी पावती मागितली नाही. मागणाऱ्यातले नव्हतेच ते.

मग तो प्रश्न तिच्यासमोर बसून कोणत्या तोंडानं विचारणार? आणि उत्तर माझ्याच हातानं लिहायचं — काही नाही म्हणून?

त्यानंतर काही महिन्यांनी कुंभकोणात एक लग्न होतं. पंगतीत मधे मी, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला अक्का. यांनी सहज विचारलं, "वहिनी, मनीऑर्डर वेळेवर मिळते ना?"

मी पानातला भात उगाच एका कडेला ओढला.

अक्का भात कालवत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मिळते की. ही रुक्कू एक महिना चुकवत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पापनाशमला आली होतीस म्हणे. आमच्याकडे शेवटी येईल, जेवूनच जाईल, असं समजून मी रस्सम जास्त करून ठेवलं होतं." आणि हसली. टोमणा होता का तो? इतकी वर्षं झाली, मला ठरवता येत नाही.

पुढच्या महिन्यापासून मनीऑर्डर जाऊ लागली. मागच्या दीड वर्षाचे पैसे मी कधी भरून दिले नाहीत. आता अक्का नाही, हेही नाहीत. हे गेले ते मला वहिनीची काळजी घेणारी बायको समजूनच गेले.

त्या पंगतीत मला बोलता आलं असतं. दोघंही हाताच्या अंतरावर होते. मी बोलले नाही. वाढपी पायसम घेऊन आला, आणि मी ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं.