चार शब्दांचं पुराण

शुक्रवारी दुपारी जेवण उरकलं की माझा नवरा टीव्हीवर लढाईचा सिनेमा लावतो. गोऱ्यांनी अमेरिकेत उतरून तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी घेतल्या, त्या काळचे सिनेमे त्याला फार आवडतात. इथे आखातात, अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून, एसी लावून आम्ही ती जंगलं बघत बसतो. मी खरं तर डोळे मिटायलाच बसते. आठवडाभर दुसऱ्यांचं बोलणं बोलून जीव शिणलेला असतो.

आता मला सगळं पाठ झालंय. नदीतून होड्या येतात, झाडांआडून मूळचे लोक बघतात. गोऱ्यांत एक भला माणूस निघतोच. तो त्यांची भाषा शिकतो, त्यांच्या बाजूने लढतो आणि शेवटी सिनेमा त्याचाच होतो. तो मरतो तेव्हा कॅमेरा अगदी त्याच्या तोंडाशी जातो. गावंच्या गावं मरतात ती मात्र लांबून, धुरात. नवरा म्हणतो, "अगं, निदान दाखवतात तरी." त्याच्या या 'निदान'चा मला भारी राग येतो.

आणि एक दुभाषी असते. मूळच्या लोकांतलीच बाई, कप्तानाचं म्हणणं आपल्या माणसांना सांगणारी. सिनेमावाल्यांना तिच्याबाबतीत एकच सुचतं, ती कप्तानाच्या प्रेमात पडते. माझंही काम तेच आहे, म्हणून सांगते, प्रेमात पडायला अंगात त्राणच उरत नाही. साफसफाईच्या एका कंपनीत साहेब इंग्रजीत बोलतात ते मी कामगारांना हिंदीत सांगते. कुणी आमच्या रत्नागिरीकडचा असला तर गावच्या बोलीत.

एका गुरुवारी गावाकडच्या अशाच कामगाराने मला गाठलं. त्याच्या मुलीचा निकाह ठरला होता आणि रजा मिळत नव्हती. "आपा, तुमी सांगा सायबांना. तुमचा ऐकतात ते." शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी जाऊ, म्हटलं.

मधल्या शुक्रवारच्या सिनेमात कप्तान चारच शब्द बोलला, उद्यापर्यंत गाव खाली करा. दुभाषी आपल्या माणसांकडे वळली आणि बोलतच राहिली. पडद्यावर भाषांतराची अक्षरं नव्हती. तिचं बोलणं आपल्याला कळायला हवं, असं बनवणाऱ्यांना वाटलंच नसावं. नवरा हसला, "चार शब्दांचं एवढं पुराण?"

मला मात्र सगळं कळत होतं. ती म्हणत होती, चिडू नका, मी बोलते त्यांच्याशी, बघू या. मला रडूच आलं. नवऱ्याला वाटलं, सिनेमा आवडला.

रविवारी मी त्या कामगाराला घेऊन साहेबांसमोर उभी राहिले आणि निकाहाचं सांगितलं. साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हटलं, "नो."

मी त्याच्याकडे वळले आणि सुरू झाले. सध्या माणसं कमी आहेत, साहेबांवरही वरून दबाव आहे, पुढच्या महिन्यात परत विचारू, इन्शाल्ला होईल, मन लहान करू नका. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आपा, सायेब तर एकच शब्द बोल्ला."

"हो," मी म्हटलं.

"मग तेवढाच सांगा."

"नाय," मी गावच्या बोलीत सांगितलं.

त्याने मान हलवली, "शुक्रन" म्हणून साहेबांचे आभार मानले आणि तो निघाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.